रुमाल टाकलेली जागा

१

सडक अर्जुनीत खता-बियाण्यांचं दुकान चालवणारा माणूस दर रविवारी सकाळी गिटार पाठीला बांधून गोंदियाकडच्या गोरेगावला जातो आणि बहिणीच्या घरी लॅपटॉपसमोर बसून जॅझचे सोलो घोटतो, ही गोष्ट ओमेश कापगतेच्या ओळखीतल्या कोणालाच कधी नीट पचली नव्हती. ज्यांना पचली नाही ते त्याला बँडवाला म्हणून मोकळे झाले. ओमेशला त्याचं काही नव्हतं. आठवडाभर युरिया आणि तणनाशकाच्या चौकशा ऐकून कान किटले की माणसाला काहीतरी आपलं लागतं.

गट चौघांचा. गोंदियाचे इंद्रकुमारजी रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणी रेल्वेच्या बँडमध्ये वाजवायचे, त्यामुळे गटाचे गुरुजी तेच. नागपूरची चेतना शाळेत संगीत शिकवायची. तिसरा ओमेश आणि चौथा त्याचा भाचा हिमांशू. मामा-भाचे एकाच लॅपटॉपसमोर बसत, कारण धड नेट हिमांशूच्याच खोलीत होतं. हिमांशू टेबलाजवळच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर, मामा खाटेवर.

ऑनलाइन सगळ्यांना एकदम वाजवता येत नाही, आवाज पोचायला उशीर होतो. म्हणून ते ड्रम आणि बासच्या साथीचा ट्रॅक आपापल्या घरी एकाच वेळी सुरू करायचे आणि एकेक फेरी घ्यायचे. फेरी म्हणजे बारा घरं, दर घरात चार ठोके. आधी इंद्रकुमारजी, मग चेतना, मग हिमांशू, मग ओमेश, की पुन्हा पहिल्यापासून. इंद्रकुमारजींचा नियम असा की आधीच्याने शेवटी जो तुकडा वाजवला, तोच उचलून आपली फेरी सुरू करायची. त्याने कान जागे राहतात, असं ते म्हणायचे.

दुसरा नियम हिमांशूचा. कोणाचं नेट गेलं तर त्याची फेरी दुसऱ्याने खायची नाही. साथ चालू ठेवायची आणि बारा घरं रिकामी सोडायची, तो परतला की जागा तयार. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात तसं. "रुमाल टाका रे," असं कोणी म्हटलं की सगळे गप्प बसायचे.

होळीनंतर हिमांशू हायवेवर ट्रकखाली गेला. पाठीवरच्या गिटारचेही तुकडे झाले. तेरवी झाल्यावरच्या रविवारी चेतनाची फेरी संपली, हिमांशूची आली आणि कोणाचाच हात उठेना. इंद्रकुमारजी हळूच म्हणाले, "रुमाल डाल दो।" बारा घरं रिकामी गेली. खाटेवर ओमेश हमसून हमसून रडला, दारात उभी असलेली हिमांशूची आई, निर्मलाबाईही रडली. पुढच्या रविवारीही तसंच केलं, आणि मग ती रीतच पडली. त्यात काही वावगं आहे असं कोणालाही वाटलं नाही.

२

त्या फेरीत माइक बंद करायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं होतं. त्यामुळे बारा घरं चाललेली असताना तिघांच्या घरांतले आवाज एकमेकांना ऐकू यायचे. इंद्रकुमारजींकडे मालगाडी जायची. चेतनाकडे कुकरची शिट्टी व्हायची. गोरेगावात निर्मलाबाई भिंतीशी बसून सुपात लाखोळीची डाळ पाखडायची. ज्याच्याकडून आवाज येई त्याच्या चौकटीला पडद्यावर हिरवी कड उमटायची, आणि ती कड या घरातून त्या घरात हिंडताना बघत ओमेश आपल्या पाळीची वाट बघायचा.

आषाढात कधीतरी त्याच्या लक्षात आलं की ती कड हल्ली हिंडत नाही. हिमांशूची फेरी आली की ती ओमेशच्याच चौकटीला येऊन बसते आणि फेरी संपेपर्यंत हलत नाही.

"बाई, सूप ठेव बरं खाली," तो म्हणाला. मोठ्या बहिणीला तो बाई म्हणायचा.

"ठेवली तं हाये कवाची," निर्मलाबाई म्हणाली. तिचे हात मांडीवर होते.

त्याने पंखा बंद केला, खिडकी लावली. शेजारच्यांच्या टीव्हीचा आवाज येत असेल म्हणून बाहेर जाऊन बघितलं, तर शेजारी कुलूप होतं, शेतावर धानाच्या रोवणीला गेले होते सगळे. परत येऊन तो खाटेवर बसला. पुढच्या वेळी फेरी आली तेव्हा खोलीत कसलाही आवाज नव्हता आणि हिरवी कड त्याच्याच चौकटीला होती.

फेरी संपल्यावर चेतनाने विचारलं, "दादा, तुमच्याकडे कोणी गिटार शिकतंय का?"

"नाही. का गं?"

"काही नाही. हिमांशूच्या फेरीत मागे कोणीतरी तारा छेडतं. मागच्या रविवारीही होतं."

"हां, मुझे भी सुनाई दिया," इंद्रकुमारजी म्हणाले. "मैं सोचा तुम्हारे मोहल्ले का कोई बच्चा होगा।"

ओमेशची गिटार त्याच्याच मांडीवर होती. त्या घरात दुसरी गिटार नव्हती.

३

चेतना दर वेळी सगळ्याचं रेकॉर्डिंग करायची. ओमेशने ते मागून घेतलं आणि सोमवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना कानात हेडफोन घालून ऐकलं.

चेतनाची फेरी संपते. साथ चालू राहते. मग लांबून, माइकपासून दूर, खोलीच्या एखाद्या कोपऱ्यातून यावा तसा तारेचा आवाज. एक सूर, पुन्हा तोच सूर, थोडा बसका. बोट गिटारच्या दांडीवरच्या पट्टीवर नीट न दाबल्यामुळे होते तशी खरखर. मग चेतनाचा शेवटचा तुकडा, तोच, अडखळत, अर्धाच. तो मध्येच तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

ओमेशने झटकन हेडफोन काढले. पण तो दुकानदार माणूस होता, हिशेबाने विचार करायची सवय. आवाज स्पीकरमधून परत माइकमध्ये शिरत असेल. चेतनाचंच वाजवणं उशिरा घुमून येत असेल. घुमलेला आवाज अडखळेल का? नेट तुटलं तर अडखळेल. मग घुमलेल्या आवाजात बोटांची खरखर कुठून आली? तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि त्याला बरंच वाटलं.

एक गोष्ट मात्र त्याला पक्की कळली होती. हे हिमांशूचं वाजवणं नव्हतं. हिमांशूला पहिली पट्टी त्यानेच धरायला शिकवली होती. पोरगा पहिल्या दिवसापासून घाईचा, ठोक्याच्या पुढे धावणारा. 'अरे थांब की, कुठं आग लागली?' असं म्हणून म्हणून मामाचं तोंड दुखलं होतं. हे जे कोणी होतं ते ठोक्याच्या मागे होतं. ते आधी ऐकत होतं आणि मग वाजवत होतं. त्याला गिटार येत नव्हती, ते शिकत होतं.

४

निर्मलाबाईला हे कळू द्यायचं नाही असं त्याने मनाशी ठरवलं होतं. पण इंद्रकुमारजी भाबडे. पुढच्याच रविवारी ते पडद्यावरून थेट तिलाच म्हणाले, "बहनजी, अपना बच्चा आ रहा है। हाथ भूल गया है बेचारा, फिर से सीख रहा है।" आणि त्यांनी ते रेकॉर्डिंग तिला ऐकवलं.

निर्मलाबाईने ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग ती उठली, लाल खुर्ची पदराने पुसली आणि टेबलाजवळ नीट सरळ करून ठेवली.

"बाई, हा आपला हिमांशू नाही," ओमेश म्हणाला. "मी शिकवलो ना त्याले. त्याचा हात मले माहीत हाये."

"तुले सूर माहीत असन. मी माय हावो त्याची," ती म्हणाली. "पोरगा पयल्यांदा चालाले लागला तवाबी पडतच होता. तवा कोनी म्हनलं का, हा आपला नोहे म्हनून?"



त्यानंतर सगळं झपाट्याने झालं. इंद्रकुमारजी आपल्या फेरीत मुद्दाम सोपे तुकडे वाजवू लागले, लहान मुलाला घास भरवावा तसे. चेतना आधी घाबरली होती. मग तिने हिमांशूची जुनी रेकॉर्डिंगं शोधून काढली, एकत्र जोडली आणि निर्मलाबाईच्या मोबाइलवर पाठवली. निर्मलाबाई ती खोलीत दिवसभर लावून ठेवायची. श्रावण सरता सरता त्या फेरीतली खरखर गेली, आणि एका रविवारी रेकॉर्डिंगमध्ये ते वाजवणं ठोक्याच्या पुढे धावू लागलं, हुबेहूब हिमांशूसारखं. चेतना पडद्यावर ओक्साबोक्शी रडली.

 गेल्या काही आठवड्यांत काय घडलं ते ओमेशला एकदम स्वच्छ दिसलं. हिमांशू परत आला नव्हता. त्याच्या जागेवर कोणीतरी येऊन बसलं होतं, आणि ते चौघे मिळून त्याला हिमांशू शिकवत होते.

५

तरीही त्याने ते चालू दिलं असतं. बहिणीला समाधान मिळतंय ना, मग आपलं काय जातं, असं म्हणून त्याने डोळ्यांवर कातडं ओढलं असतं. पण बाई खंगत चालली होती.

गालांची हाडं वर आली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. शेजारची शामकला त्याला फाटकातच अडवून म्हणाली, "ओमेश भाऊ, तुमची बहीण जेवतच नाई जी. रोज दोन ताटं वाढते अन् दोनी गाईले टाकते. बजारात येत नाई, कोनासंग बोलत नाई. मी भाजी घेऊन गेली तं दारातूनच वापस केली मले. आतमंदी आवाज नोको म्हनते."

ओमेश आत गेला. खोलीची खिडकी बंद होती आणि फटींना कापडाच्या चिंध्या कोंबल्या होत्या. लाल खुर्चीसमोर स्टुलावर ताट होतं, भात, लाखोळीचं वरण, वांग्याची भाजी. वरणावर साय धरली होती. दुसरं ताट खाली जमिनीवर, तेही तसंच.

"काऊन जेवली नाई तू?"

"तो जेवला का मंग जेवीन," निर्मलाबाई म्हणाली. "पोराच्या आधी मी कवा जेवली का?"

"तो जेवत नाही, बाई."

"आज नाई जेवला. उद्या जेवन. वाजवाले नाई येत होता तं शिकला ना?" ती मोठ्या आशेने म्हणाली. 

त्याने तिला सडक अर्जुनीला चल म्हणून विनवलं. ती हलली नाही. डॉक्टर आणला, त्याच्यासमोर तिने दोन घास खाल्ले आणि तो गेल्यावर ओकून टाकले. ओमेशने इंद्रकुमारजींना फोन करून ती फेरी बंद करा म्हटलं, तर ते दुखावले. "बारह घर की तो जगह है भाई। एक माँ को उतना भी नहीं दोगे?"

जीव जाणार होता, आणि तो त्याच्या सख्ख्या बहिणीचा होता. हे असंच चाललं तर दिवाळीही दिसणार नाही तिला, हे कळायला डॉक्टर लागत नव्हता.

गोरेगावहून परतताना रस्त्यात त्याला उपाय सुचला. इतका साधा की आधी कसा सुचला नाही म्हणून तो स्वतःवरच चिडला. रुमाल टाकलेली सीट कोणाची? जो जाऊन बसेल त्याची. भांडण होईल, शिव्या बसतील, पण बसलेल्या माणसाला कोणी उठवत नाही. ती बारा घरं इतके महिने रिकामी ठेवली म्हणून हे झालं. आपण तिथे बसायचं. एक फेरी वाजवायची, नीट संपवायची, आणि विषय मिटवायचा.

६

कापणी सुरू झाली होती. रविवारी सकाळी रस्त्याला धानाच्या भाऱ्यांनी लादलेले ट्रॅक्टर लागले, हवा छान कोरडी होती. ओमेशने कोणालाही काही सांगितलं नव्हतं.

इंद्रकुमारजींची फेरी झाली. चेतनाची सुरू झाली तसा ओमेश गिटार घेऊन खाटेवरून उठला आणि जाऊन लाल खुर्चीवर बसला.

निर्मलाबाई खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. "ओमेश!" ती किंचाळली. "ऊठ! माह्या पोराच्या जागेवर कायले बसून रायला तू? ऊठ म्हनते ना!"

चेतनाचा शेवटचा तुकडा आला. ओमेशने तो उचलला आणि वाजवायला लागला. आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं इतकं जोरात वाजवलं. एकही घर रिकामं सोडलं नाही, दोन सुरांमध्ये नखाएवढी फट ठेवली नाही. बहीण त्याच्या दंडाला धरून ओढत होती, तिच्या ओढण्यात काही जोर नव्हता आणि त्याचं त्याला रडू येत होतं, पण हात थांबला नाही. पडद्यावर इंद्रकुमारजी तोंडावर हात ठेवून बघत होते. बारावं घर आलं. त्याने सगळं खाली आणून मूळ सुरावर बंद केलं आणि तळहाताने तारा दाबून धरल्या.

बाईचा हात दंडावरून सुटला. ती मागे जाऊन खाटेवर बसली.

संपलं, असं ओमेशला वाटलं.  खोली नुसती खोली वाटत होती, बंद खिडकीची, कोंदट, कोणाच्याही घरात असते तशी. नंतर चिंध्या काढून टाकू आणि खिडकी उघडू, असं त्याच्या मनात आलं.

साथ चालूच होती. आता त्याची स्वतःची फेरी. तीही घ्यावी म्हणून त्याने तारांवरचा तळहात उचलला, आणि त्याच्या आधीच फेरी सुरू झाली.

त्याचाच शेवटचा तुकडा होता तो. आणि या वेळी तो रेकॉर्डिंगमधून येत नव्हता. इथेच, खोलीत, पाठीमागून येत होता. सूर साफ होते. चौथ्या ठोक्याला किंचित रेंगाळायची ओमेशची खोड, पट्टी बदलताना अंगठा घासायची खोड, सगळं जिथल्या तिथे. त्याची बोटं हवेतच राहिली.

एका जागेवरून उठून दुसरीवर बसलं की पहिली रिकामी होते. गोरेगावच्या एसटीने जन्म काढलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं.

मागे वळून बघायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने पडद्यावर बघितलं. स्वतःच्या चौकटीत त्याला खुर्चीवर बसलेला एक माणूस दिसला, चेहरा प्रकाशाच्या उलट बाजूला असल्याने काळवंडलेला. त्याच्यामागे खाट, खाटेच्या एका टोकाला बहीण. दुसऱ्या टोकाला, जिथे ओमेश इतकी वर्षं बसत आला होता, तिथे गादी दबलेली होती. बाकीचं चौकटीच्या कडेबाहेर होतं. कडेतून फक्त एक डावा हात आत आला होता, मनगटापर्यंत, आणि त्याची बोटं सरावाने हलत होती. मनगटावर ओमेशचं घड्याळ होतं. त्याने आपल्या मनगटाकडे बघितलं. तिथे घड्याळाचा नुसता पांढुरका वळ होता.

"वा, ओमेशदादा!" चेतना पडद्यावरून म्हणाली. "आज दोघांनीही कमाल केली."

७

साथ संपली. चेतना आणि इंद्रकुमारजी हात जोडून गेले, पडदा काळा झाला.

"मस्त वाजवलास गा ओमेश," निर्मलाबाई खाटेकडे बघून म्हणाली. मग ती उठून खुर्चीसमोर आली. कित्येक महिन्यांत ओमेशने तिचा असा उजळलेला चेहरा बघितला नव्हता. ती त्याच्या केसांवरून, गालावरून हात फिरवत राहिली. तिच्या हाताची नुसती हाडं लागत होती.

"आलास का बापा," ती म्हणाली. "किती वाट पायाले लावलीस मायले."

"बाई, मी ओमेश हावो," तो म्हणाला. 

ती हसली. "मामाची नक्कल करून रायला का? थांब, ताट आनते."

तो उठायला गेला. उठला तर ही खुर्ची पुन्हा रिकामी होणार होती, आणि मागच्या खाटेवर जाऊन बसायला आता जागा नव्हती. तो अर्धवट उठलेला तसाच परत खाली टेकला. तेवढ्यात निर्मलाबाई ताट घेऊन आली, वाफाळता भात, वरण, वर तुपाची धार. ते तिने त्याच्यासमोर स्टुलावर ठेवलं. स्वतःचं ताट घेऊन ती त्याच्या पायाशी बसली आणि हात न लावता त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मानेच्या शिरा दिसत होत्या तिच्या.

ओमेशने घास कालवला आणि तोंडात घातला. तो कसाबसा गिळला.

ती बघत होती. मग तिने आपल्या ताटात हात घातला, घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती भुकेल्यासारखी भराभर जेवत होती. ओमेशही जेवत राहिला. तो थांबला असता तर ती थांबली असती.

"अगे माय, भावाले इसरलीच मी," ती मध्येच म्हणाली. उठून तिने तिसरं ताट वाढून आणलं आणि त्याच्यामागे खाटेवर नेऊन ठेवलं. "घे गा ओमेश, लाजू नोको. आपलंच घर हाये."

ओमेशने मान वळवली नाही. हिमांशूसाठी वाढलेल्या ताटाला इतक्या महिन्यांत कोणी शिवलं नव्हतं, म्हणून त्याने आताही आवाज येणार नाही अशीच मनाची समजूत घातली होती. खाटेवर स्टीलचं ताट पुढे ओढल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने भात कालवल्याचा.